चांदीच्या शेजारी बेडी

कलावंत म्हटला की त्याने काहीतरी घडवावे, ही आपली सर्वसाधारण अपेक्षा असते. चित्रकाराने रंग भरावा, शिल्पकाराने दगड फोडावा, कुंभाराने चाक फिरवावे. मग ज्याने एकही नवी वस्तू घडवली नाही, दुसऱ्यांनी घडवलेल्या जुन्या वस्तू फक्त इकडच्या तिकडे केल्या, त्याला कलावंत म्हणावे काय? असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला हसू नये. प्रश्न रास्त आहे. फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताच्या एका प्रदर्शनापुरते त्याचे उत्तर शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

विल्सन १९५४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला. आफ्रिकी वंशाबरोबरच अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे रक्तही त्याच्या घराण्यात आहे. विद्यार्थिदशेत त्याने एका कलासंग्रहालयात पहारेकऱ्याचे काम केले होते, आणि ती नोकरी त्याला चांगलीच उपयोगी पडली असावी. १९९१ साली त्याने 'गार्डेड व्ह्यू' ही कृती मांडली. चार काळे, शीर नसलेले पुतळे. अंगावर न्यूयॉर्कच्या चार नामांकित संग्रहालयांतील पहारेकऱ्यांचे गणवेश. बस्स, एवढेच. पण त्या एवढ्यात केवढे तरी आले! संग्रहालयात शिरणारा मनुष्य भिंतीवरचे चित्र पाहतो, कोपऱ्यात उभा असलेला पहारेकरी त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो गणवेश. विल्सनने शीर गाळले ते अतिशयोक्ती म्हणून नव्हे; आपण जेवढे पाहतो तेवढेच त्याने ठेवले.

पुढच्याच वर्षी, १९९२ च्या एप्रिलमध्ये, त्याचे 'मायनिंग द म्युझियम' हे गाजलेले प्रदर्शन बाल्टिमोर शहरात उघडले. जागा होती मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी, १८४४ साली स्थापन झालेली जुनी, प्रतिष्ठित संस्था. (आज ती 'मेरीलँड सेंटर फॉर हिस्टरी अँड कल्चर' या नावाने ओळखली जाते.) प्रदर्शनाच्या नावातच श्लेष आहे. खाणीतून खणून काढणे हा एक अर्थ, सुरुंग पेरणे हा दुसरा, आणि 'हे माझे' असे म्हणणे हा तिसरा. विल्सनने संस्थेची कोठारे धुंडाळली, तेथे वर्षानुवर्षे पडून असलेल्या वस्तू वर आणल्या आणि नेहमीच्या मानाच्या वस्तूंच्या शेजारी मांडल्या.

प्रवेशालाच सहा चौथरे. तीन पांढऱ्या चौथऱ्यांवर तीन अर्धपुतळे: हेन्री क्ले, नेपोलियन आणि अँड्र्यू जॅक्सन. तीन काळे चौथरे मात्र रिकामे. त्यांवर फक्त नावे: हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर. आता गंमत पाहा. पुतळे ज्यांचे, त्या तिघांपैकी मेरीलँडचा एकही नाही. आणि पुतळे ज्यांचे नाहीत, ते तिघेही मेरीलँडच्याच मातीत जन्मलेले! टबमन स्वतः गुलामीतून निसटली आणि पुन्हा पुन्हा परत येऊन इतरांना सोडवून घेऊन गेली. डग्लस १८३८ साली याच बाल्टिमोरमधून पळाला आणि पुढे आपल्या काळचा थोर वक्ता झाला. बॅनेकर तर अठराव्या शतकातला गणिती आणि पंचांगकर्ता. संस्थेला नेपोलियन ठाऊक होता, घरची माणसे ठाऊक नव्हती. विल्सनने हे सांगण्यासाठी एक वाक्यही लिहिले नाही, रिकामी जागा फक्त रिकामी ठेवली.

पुढे एका काचेच्या कपाटात बाल्टिमोरच्या सोनारांनी घडवलेली चांदीची भांडी. सुरया, पेले, त्यांवर ठोकून उठवलेली फुलापानांची नाजूक नक्षी. आणि त्यांच्या मधोमध, त्याच कपाटात, गुलामांच्या पायांत घालायच्या लोखंडी बेड्या. पाटीवर एवढेच लिहिलेले: 'धातुकाम, १७९३–१८८०'. या पाटीत एकही शब्द खोटा नाही. चांदी धातूच, लोखंडही धातूच. दोन्ही घडवणारे कारागीर, दोन्ही विकत घेणारी घरेही कदाचित तीच. एका वस्तूचा पैसा दुसऱ्या वस्तूतून आला, हे पाहणाऱ्याचे त्यालाच कळते आणि एकदा कळले की पुन्हा ती सुरई नुसती सुरई राहत नाही. दुसऱ्या एका दालनात नक्षीदार खुर्च्या मांडल्या आहेत, जणू नाटकाला बसावे तशा. आणि त्यांच्या समोर फटके मारण्यासाठी माणसाला बांधायचा लाकडी खांब. त्याचे शीर्षक 'सुतारकाम'!

मला सर्वांत मार्मिक वाटली ती मात्र याहून साधी गोष्ट आहे. एका जुन्या चित्राचे नाव होते 'कंट्री लाइफ', म्हणजे खेड्यातले जीवन. सुखवस्तू गोरे कुटुंब मोकळ्या हवेत बसले आहे आणि एक काळा मुलगा त्यांना फळे देतो आहे. विल्सनने त्याच्या पाटीवर नवे नाव दिले: 'फ्रेडरिक फळे वाढताना'. रंगाचा एक ठिपकाही न हलवता चित्राचा नायक बदलला. कादंबरी लिहिणाऱ्या मनुष्याला हे चटकन जाणवते, कारण आमच्याही कथांतून चहा आणून ठेवणारी, दार उघडणारी, कंदील पुसणारी माणसे येतात आणि नाव न घेता निघून जातात. ज्याला नाव आहे, त्याचीच कथा होते.

सर्वच मांडणी मात्र सारखी उतरलेली नाही. सुमारे १७१० सालच्या एका चित्रात जमीनदाराचा लहान मुलगा ऐटीत उभा आहे आणि त्याच्या मागे, गळ्यात धातूचे कडे अडकवलेला गुलाम मुलगा. अशा काही चित्रांपाशी कोणी गेले की मुलावर प्रकाशझोत पडे आणि ध्वनिमुद्रित बालस्वर विचारी, की मी तुझा भाऊ आहे, मित्र आहे, की पाळलेला प्राणी? प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, यात शंका नाही. पण गळ्यातले कडे जे मुक्याने बोलत होते, ते येथे उलगडून सांगितले गेले. बेड्या आणि चांदी यांच्यावर विल्सनने जो विश्वास टाकला, तो चित्रातल्या मुलावर टाकला असता, तर बरे झाले असते असे वाटते.

उलट, लहान बाळाच्या ढकलगाडीत दुपट्याच्या जागी ठेवलेली कू क्लक्स क्लॅनची टोपी प्रथमदर्शनी भडक वाटते. पण तिच्या जवळच गोऱ्या मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या काळ्या दायांचे छायाचित्र ठेवले आहे. ते पाहिले की भडकपणा विरतो आणि पोटात कालवाकालव होते. द्वेष पाळण्यातून वाढतो, आणि तो पाळणा हलवणारे हात कोणाचे?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय अगदी परका नसावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला, तो त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणूनच. मेरीलँडमध्ये गुलामी १८६४ साली कायद्याने संपली. कोठारातल्या बेड्या चांदीच्या शेजारी यायला त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. कायदा माणसाला मोकळे करतो. त्याचा इतिहास मोकळा करायला दुसरेच कोणी यावे लागते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की विल्सनने वस्तू घडवली नाही, दोन वस्तूंमधले नाते घडवले. ते नाते खरे होते, फक्त कोणी ते दिसू दिले नव्हते. पुढे १९९९ साली त्याला मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, २००३ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. हे मानसन्मान योग्यच होते. पण त्याची खरी कमाई वेगळी आहे. बाल्टिमोरचे ते प्रदर्शन १९९३ साली आवरले गेले, तरी त्याची हकीकत ज्याने ऐकली, तो कोणत्याही संग्रहालयात पाटी वाचून नुसता पुढे सरकत नाही. क्षणभर थांबतो आणि मनाशी विचारतो: याच्या शेजारी आणखी काय होते, आणि ते कोणी उचलले?