गुन्ह्याचा अनुबोधपट आणि निकालाची घाई

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या शाळेच्या शिक्षकदालनात एक वाद चांगलाच रंगला. विषय परीक्षेचा नव्हता, वेतनश्रेणीचाही नव्हता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २००५ साली झालेल्या एका खुनावरून आमचे दोन सहकारी हातघाईवर आले होते. इंग्रजी शिकविणारे तरुण गुरुजी आरोपी निर्दोष असल्याचे शपथेवर सांगावयास तयार होते. गणिताच्या बाई तितक्याच ठामपणे त्यास दोषी ठरवीत होत्या. घंटा झाली, चहा निवून गेला, तरी निकाल लागला नाही. त्या मुलखाचे नाव दोघांनीही पूर्वी ऐकलेले नव्हते. खटल्याचा एकही कागद दोघांनी पाहिला नव्हता. दोघांचाही आधार एकच होता : ‘मेकिंग अ मर्डरर’ ही नेटफ्लिक्सवरील अनुबोधपट-मालिका. एकाच मालिकेतून दोन उलट निकाल निघावेत आणि दोन्ही इतके निःशंक असावेत, याचे आम्हांस नवल वाटले. म्हणून आम्हीही ती मालिका पाहिली. प्रस्तुत टिपणाचा विषय ती मालिका जितका आहे, तितकाच तिच्यावर बोलणारा प्रेक्षकही आहे.

प्रथम कथाभाग थोडक्यात सांगितला पाहिजे. स्टीव्हन एव्हरी या मॅनिटोवॉक परगण्यातील इसमास १९८५ सालच्या एका लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी शिक्षा झाली. अठरा वर्षे तुरुंगात काढल्यावर २००३ साली डीएनए चाचणीने तो गुन्हा त्याचा नसल्याचे सिद्ध झाले. सुटून आल्यावर त्याने परगण्याविरुद्ध ३ कोटी ६० लक्ष डॉलरांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. तो दावा चालू असतानाच २००५ च्या अखेरीस एका तरुण छायाचित्रकार स्त्रीच्या खुनाच्या आरोपावरून त्यास पकडण्यात आले, आणि २००७ साली त्यास जन्मठेप झाली. त्याचा सोळा वर्षांचा भाचा ब्रेंडन डॅसी हाही त्याच वर्षी दोषी ठरला. लॉरा रिचियार्डी आणि मॉइरा डेमॉस या दोघींनी सुमारे दहा वर्षे चित्रण करून दहा भागांची मालिका सिद्ध केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

मालिकेचा परिणाम विलक्षण झाला. महिनाभरात लाखाहून अधिक लोकांनी एव्हरीस माफी मिळावी म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीकडे अर्ज केला. जानेवारी २०१६ मध्ये उत्तर आले, की राज्याच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा माफ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस नाही. म्हणजे लाखो माणसांनी खटला ऐकला, निकाल दिला आणि तो अमलात आणण्यासाठी सहीही केली. अर्ज कोणाकडे करावयाचा एवढे मात्र कोणी विचारले नाही. घाईचा हा पहिला पुरावा होय.

येथे आमचा प्रश्न असा, की प्रेक्षकास इतका आत्मविश्वास येतो कोठून? आमच्या मते तो नाट्यकलेतून येतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या घरातच आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांच्या कृपेने मराठी प्रेक्षकास परके राहिलेले नाही. त्यातील नवव्या अंकात न्यायसभेचा प्रसंग आहे. वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर येतो. ती त्याला भेटावयास निघाली होती, ही तिच्या आईची साक्ष खरी. चारुदत्ताच्या गाडीची वीरकाने सांगितलेली हकीकतही त्याच्या समजुतीप्रमाणे खरीच. उद्यानात एका स्त्रीचे कलेवर दिसते, तेही खरे. शेवटी मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार भर सभेत खाली पडतात. ते तिचेच आहेत, यातही खोटे काही नाही. एकेक पुरावा खरा, आणि सर्वांचा मिळून होणारा निष्कर्ष मात्र साफ खोटा! न्यायाधीश दुष्ट नाही. उलट चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदर आहे. तरीही तो फसतो.

तेथे बसलेला प्रेक्षक मात्र फसत नाही. कारण वसंतसेना जिवंत असल्याचे त्याने आठव्या अंकाच्या अखेरीस पाहिलेले असते. न्यायाधीशाहून आपण अधिक जाणतो, हे त्याचे सुख आणि हीच त्याची वेदना. नाटककाराने त्यास हे आसन दिले आहे, आणि देण्याचा अधिकारही नाटककारास आहे, कारण ती सृष्टीच त्याची आहे.

गुन्ह्याचा अनुबोधपट करणारा कलावंत प्रेक्षकास नेमक्या याच आसनावर बसवितो. पोलीस काहीतरी दडवीत आहेत असे दाखविणारा एक चेहरा, त्यानंतर क्षणभर स्तब्धता, मग खिन्न संगीत, मग रिकाम्या अंगणातील बर्फ, आणि प्रेक्षकास वाटू लागते की आपण आठवा अंक पाहिला आहे. वस्तुतः तो कोणीच पाहिलेला नसतो. आठवा अंक येथे लिहिलेलाच नसतो! न्यायाधीशापेक्षा कमी जाणणारा मनुष्य आपण अधिक जाणतो असे मानू लागतो. हा या कलाप्रकाराचा सर्वांत मोठा पराक्रम आहे आणि सर्वांत मोठा दोषही तोच आहे.

काय गाळले, हे प्रेक्षकास कधी दिसत नाही. कित्येक आठवडे चाललेला खटला काही तासांत बसवावयाचा, तर गाळणे क्रमप्राप्तच. परंतु मृत स्त्रीच्या गाडीच्या इंजिनावरील झाकणाच्या कडीवर एव्हरीचा डीएनए सापडल्याचा जो पुरावा फिर्यादी पक्षाने मांडला होता, तो पहिल्या दहा भागांत आला नाही, अशी तक्रार सरकारी वकिलांनी जाहीरपणे केली. या पुराव्याचे मोल काय, हा वाद आम्हांस येथे सोडवावयाचा नाही. इतकेच म्हणावयाचे, की तो ऐकल्यावर इंग्रजीच्या गुरुजींचा चेहरा पडला. पुढे २०२३ साली उलट बाजू मांडणारी ‘कन्व्हिक्टिंग अ मर्डरर’ ही दुसरी मालिका आली. त्याच वर्षी, पहिल्या मालिकेत चित्रित झालेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने लावलेला अब्रुनुकसानीचा दावाही न्यायालयाने काढून टाकला. गणिताच्या बाईंनी दुसरी मालिका पाहून आपले मत पक्के केले होते. म्हणजे दोघांचे मतभेद पुराव्याविषयी नव्हतेच; कोणत्या संकलकावर विश्वास ठेवावा, याविषयी होते.

इतके दोषदिग्दर्शन केल्यावर मालिकेचे ऋणही मान्य केले पाहिजे, नाहीतर आमचीही गणना घाईने निकाल देणाऱ्यांत होईल. डॅसीच्या जबानीचे चित्रण या मालिकेत आहे. ते चित्रण पोलिसांनीच केलेले आहे. त्यात संगीत नाही, कलावंताची कारागिरी नाही. सोळा वर्षांचा, अभ्यासात मागे पडणारा एक मुलगा कोचावर बसला आहे. जवळ आई नाही, वकील नाही. अधिकारी ओरडत नाहीत, हात उगारीत नाहीत. ते मायेने बोलतात. तिच्या डोक्याला काय झाले, असे पुनःपुन्हा विचारतात. मुलगा एकामागून एक अंदाज सांगतो. अखेर गोळी कोणी मारली, असे विचारून अधिकारीच उत्तर त्याच्या हाती देतात. एवढी भीषण कबुली दिल्यानंतर तो मुलगा विचारतो, की हे किती वेळ चालेल, कारण त्यास शाळेत एक प्रकल्प द्यावयाचा आहे. हे दृश्य पाहून ज्या शिक्षकाच्या पोटात कालवले नाही, त्याने आपल्या व्यवसायाचा पुन्हा विचार करावा. या जबानीच्या ग्राह्यतेविषयी अमेरिकेतील न्यायाधीशांतही एकमत झाले नाही : २०१६ साली एका न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरविली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती कायम केली.

हे दृश्य पाहताना आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवली. ती सांगणे सुखाचे नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही वर्गशिक्षक असताना, सहलीच्या वर्गणीचे पाकीट नाहीसे झाले. आठवीतील एका मुलावर संशय आला. गरिबीवाचून त्या संशयास दुसरे कारण नव्हते, हे आज कळते. आम्ही त्यास ग्रंथालयाच्या खोलीत नेले. मारले नाही, रागावलोही नाही. ‘बाळ, खरे सांगितलेस तर कोणास कळणार नाही,’ असे तासभर समजाविले. तासाभराने त्याने मान खाली घालून चोरी कबूल केली. पैसे कोठे ठेवलेस, असे विचारता त्याने तीन वेळा तीन जागा सांगितल्या. तेही आम्ही लबाडीचेच लक्षण मानले. चौथ्या दिवशी पाकीट हजेरीपुस्तकांच्या कपाटात, दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात सापडले. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली; त्याने ‘असू दे, सर’ म्हटले. परंतु पुढे दोन वर्षे त्याने आमच्या तासाला आपण होऊन एकदाही हात वर केला नाही.

पोलिसांपुढील कबुलीविषयी आपल्या कायदेकर्त्यांनी दाखविलेल्या अविश्वासाचे मर्म आम्हांस त्या दिवशी कळले. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही २३ व्या कलमात हे तत्त्व कायम आहे. ज्या कबुलीस न्यायालयाचे दार बंद, तीच कबुली पडद्यावर मात्र कथेचा कळस होऊन बसते. हा प्रश्न दूरदेशीचा नाही. बेंगळुरूच्या पोलीस तपासावर आधारलेली ‘क्राइम स्टोरीज : इंडिया डिटेक्टिव्ह्ज’ ही मालिका २०२१ साली आली. तिच्या पहिल्या भागातील एका आरोपीने कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली, की खटला चालावयाचा असताना हे प्रदर्शन आपल्या न्याय्य सुनावणीच्या हक्कास बाधक आहे. न्यायालयाने त्या भागाचे प्रदर्शन रोखले. विस्कॉन्सिनची मालिका खटले संपल्यावर आली होती. येथे खटल्याआधीच प्रेक्षकांचा निकाल लागू पाहत होता.

लोकमताने खटला चालविण्याचा अनुभव आपणांस नवीन नाही. १९५९ सालच्या नानावटी प्रकरणात मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे उचलून धरली होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यास निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो कौल अग्राह्य वाटला, उच्च न्यायालयाने १९६० साली आरोपीस दोषी ठरविले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. हा आपल्या देशातील शेवटचा ज्यूरी-खटला, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. ज्यूरी हळूहळू मावळली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. न्यायालयातून गेलेली ज्यूरी आता घरोघरच्या दिवाणखान्यात बसली आहे. फरक इतकाच, की तिला शपथ नाही आणि उलटतपासणीही नाही.

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. वेळ घालविण्यासाठी मांडलेला खोटा खटला खऱ्या बाईच्या जिवावर कसा उठतो, हे त्यांनी दाखविले. ती बाई शिक्षिका आहे, हे आपल्या पेशाच्या वाचकांनी विसरू नये. तो खटला चालविणाऱ्यांपैकी प्रत्येकास आपण केवळ खेळतो आहोत असेच वाटते. आमच्या शिक्षकदालनातील वादही असाच खेळ होता. एव्हरी, डॅसी, अधिकारी, वकील यांची नावे त्यात शेकडो वेळा आली. जिचा जीव गेला, त्या मुलीचे नाव तासाभरात एकदाही आले नाही. आम्ही तसे दाखवून दिले, तेव्हा दोघांनाही ते आठवेना. आमच्या मते या कलाप्रकाराची खरी परीक्षा येथे आहे. आरोपीचा कैवार घेताना किंवा त्याचा धिक्कार करताना मृताचा विसर पडत असेल, तर ती मालिका कितीही कुशलतेने गुंफलेली असो, तिने प्रेक्षकास न्यायाची नव्हे, कोड्याची गोडी लावली असे म्हणावे लागेल.

म्हणून विद्यार्थ्यांनी अशा मालिका पाहूच नयेत, असा मनाई-हुकूम आम्ही काढणार नाही. तो कोणी पाळणारही नाही. आमच्या दहावीच्या वर्गात आम्ही एक लहानसा प्रयोग केला. ‘मृच्छकटिका’तील न्यायसभेची हकीकत सांगितली, पण वसंतसेना जिवंत आहे हे सांगितले नाही. मुलांनी हात वर करून निकाल दिला. चारुदत्त बहुमताने सुळावर गेला. दुसऱ्या दिवशी आठवा अंक सांगितला. वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, काल तुम्ही हे का सांगितलं नाहीत?” प्रत्येक अनुबोधपटास विचारावयाचा प्रश्न हाच आहे. तो त्या मुलीस सुचला, आणि तिने त्यासाठी आपण होऊन हात वर केला, याचे समाधान आम्हांस फार आहे.