अवजार, शस्त्र आणि ‘असूड’

शेतीचे अवजार शस्त्र झाले म्हणजे शेतकऱ्याचे काय होते, हा प्रश्न इतिहासाइतकाच वाङ्मयसमीक्षेचाही आहे. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाच्या नावातच तो उपस्थित झाला आहे. असूड म्हणजे बैल हाकण्याचा चाबूक. तो फुल्यांनी शेतकऱ्याला नाडणाऱ्यांवर उगारला, असा या नावाचा अर्थ आपण सामान्यतः लावतो. हा अर्थ चूक नव्हे. परंतु तो अपुरा आहे, हे पोलंडमधील एका समांतर उदाहरणाशी ताडून पाहता ध्यानात येते.

१७९४ साली कोश्चुश्कोने रशियन सत्तेविरुद्ध उभारलेल्या लढ्यात वेठीस बांधलेले शेतकरी ‘कोसा’ घेऊन उतरले. दिघोरीच्या धानाच्या बांध्यांत वाकून चालवायचा विळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अवजार अनोळखी वाटेल. लांब दांड्याला आडवे पाते बसवून उभ्यानेच गवत कापण्याचे ते साधन. पाते दांड्याच्या रेषेत उभे बसविले की त्याचाच भाला होई. ४ एप्रिल रोजी रात्सवावित्से येथे या शेतकऱ्यांनी रशियन तोफा काबीज केल्या. ७ मे रोजी पोवान्येत्सच्या जाहीरनाम्याने त्यांना व्यक्तिस्वातंत्र्य व वेठीत सूट देऊ केली. पण उठाव मोडला, १७९५ मध्ये देशाची अखेरची वाटणी झाली, आणि रशियन अमलाखालील पोलिश शेतकऱ्याची वेठीतून कायमची सुटका १८६४ साली झाली. मातेयकोने १८८८ मध्ये हा विजय भव्य चित्रात अमर केला. त्यात कोसा आहे, तोफा आहेत. वेठीचा प्रश्न मात्र चौकटीबाहेर राहिला आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा शत्रू निराळ्या रूपात समोर आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कागदापुढे कोयत्याची धार निरुपयोगी ठरते. १८७९ च्या कायद्यानंतर चार वर्षांनी लिहिताना फुल्यांनी हेच ओळखले. म्हणून त्यांचा असूड हा ग्रंथ आहे. त्याचा फटका कचेरी, धर्मविधी आणि अज्ञान यांवर बसतो. इतकेच नव्हे, तर अखेरच्या प्रकरणात ते सरकारला सुचवितात की, लष्करातील व पोलिसांतील शिपायांकडून शेतांसाठी ताली-बंधारे बांधून घ्यावेत. पोलंडमध्ये अवजाराचे शस्त्र झाले. फुले शस्त्रधाऱ्याच्या हाती अवजार देऊ पाहतात. ग्रंथाच्या नावातील आवेशाकडेच पाहणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ही उलटापालट निसटते.

तथापि एक आक्षेप उरतोच. या ग्रंथातील कुणबी पुष्कळदा पिचलेला व हताश दिसतो. असूड त्याच्या नावाचा असला तरी तो उगारणारा हात लेखकाचा आहे. कोश्चुश्कोच्या शेतकऱ्यांनाही लढाईची हाक सेनापतीनेच दिली होती. दोहोंत भेद एवढाच, की सेनापतीला शेतकऱ्याचे बळ हवे होते, तर फुल्यांना त्याचे शिक्षण हवे होते. अवजार ज्याचे, त्यानेच ते स्वतःच्या निर्णयाने उचलावे, ही अपेक्षा त्या मागणीत अंतर्भूत आहे. ‘असूडा’चे मूल्यमापन त्यातील प्रहाराच्या तीव्रतेवरून न करता या अपेक्षेच्या कसोटीवर करणे अधिक न्याय्य होय.