चाचणीविना प्रणाली : मुंबई विद्यापीठाच्या २०१७ मधील संगणकीय मूल्यांकनाची चिकित्सा

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी सत्रातील उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. कंत्राट दिले गेले तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या. प्रणाली पारखून घेण्यास अवधीच उरला नव्हता. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढील प्रवेशांच्या संधी अनेकांच्या हातून गेल्या. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. कोणतीही आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी किमान दोन चाचण्या आवश्यक ठरतात. प्रत्यक्षातील भार पेलतो का, हे पाहणारी भारचाचणी ही पहिली. ती पुरवठादाराने करावी. दुसरी स्वीकृती चाचणी. ती मात्र वापरणाऱ्याची, म्हणजे परीक्षकाची. (आपल्याकडे तिचे रूपांतर बहुधा उद्घाटन समारंभात होते!) विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. विजयदुर्गजवळच्या एखाद्या महाविद्यालयात, तेथील वीज व इंटरनेट जोडणी गृहीत धरून, एकाच विषयाच्या शंभर उत्तरपत्रिका आधी कागदावर आणि मग पडद्यावर तपासून गुण ताडून पाहिले असते, तर अस्पष्ट पाने व उत्तरपत्रिकांची अदलाबदल तेथेच उघडकीस येऊ शकली असती. त्या चाचणीच्या अहवालावर परीक्षकांची स्वाक्षरी असल्याखेरीज प्रणाली स्वीकारू नये, अशी अट विद्यापीठाच्या प्रत्येक निविदेत असावयास हवी.