‘सारांश’मधील सुजाता : आश्रय आणि अपेक्षा

महेश भट्ट दिग्दर्शित ‘सारांश’ (१९८४) या हिंदी चित्रपटाची चर्चा बहुधा एकाच प्रसंगाभोवती फिरते. न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हातून मारल्या गेलेल्या अजयच्या अस्थी मिळवण्यासाठी त्याचे वडील, सेवानिवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान, कस्टम्सच्या कार्यालयात खेटे घालतात. आपण टीव्ही किंवा फ्रीज सोडवायला आलेलो नाही, हे अधिकाऱ्यापुढे सांगताना त्यांचा बांध फुटतो. वयाच्या २८ व्या वर्षी अनुपम खेर यांनी उभा केलेला हा वृद्ध पिता विसरता येत नाही, हे खरेच. परंतु या प्रसंगाच्या कीर्तीने चित्रपटाचा उत्तरार्ध काहीसा झाकोळला आहे. ‘सारांश’मधील खरा नैतिक पेच सरकारी कचेरीत नसून प्रधानांच्या शिवाजी पार्क परिसरातील घरात, तेथे भाड्याने राहणाऱ्या सुजाताच्या संदर्भात उभा राहतो.

सुजाता (सोनी राझदान) ही अभिनेत्री होऊ पाहणारी तरुणी. गजानन चित्रे या राजकारण्याच्या मुलापासून, विलासपासून, तिला दिवस गेले आहेत. बापाच्या धाकामुळे विलास कच खातो आणि चित्रेला तर हे मूल नकोच आहे. (ग्रामीण सत्ताधाऱ्याच्या भूमिकांत मराठी प्रेक्षकाने पाहिलेले निळू फुले येथे शहरी पुढारी म्हणून भेटतात, दहशतीची जातकुळी मात्र तीच.) अशा अविवाहित गर्भवतीला त्या काळातील मध्यमवर्गीय मराठी घराने दार दाखवले असते, असे कोणालाही वाटेल. येथे मात्र पार्वतीबाई तिला पोटच्या मुलीसारखे जपू लागतात.

या जपण्यामागील कारण अस्वस्थ करणारे आहे. अजय पुन्हा जन्म घेईल, या श्रद्धेने पार्वतीबाईंना आत्महत्येच्या विचारापासून परावृत्त केले आहे आणि तो सुजाताच्याच उदरी येणार, अशी त्यांची खात्री झाली आहे. म्हणजे प्रेम सुजातावर नाही, तिच्या गर्भावर आहे. चित्रेला तो गर्भ नको आणि पार्वतीबाईंना तोच हवा. या दोन टोकांमध्ये सुजाता नावाची व्यक्ती कोणाच्याच हिशेबात नाही. क्रौर्य आणि वात्सल्य यांना असे समोरासमोर ठेवण्याचे धाडस आपल्याकडील कौटुंबिक चित्रपटात विरळाच. रोहिणी हट्टंगडी यांनी ही श्रद्धा कुठेही हास्यास्पद होऊ दिलेली नाही. त्यामुळे प्रेक्षक पार्वतीबाईंवर रागावू शकत नाही आणि पेच अधिक गडद होतो.

प्रधान ईश्वर व पुनर्जन्म न मानणारे. चित्रेच्या दहशतीपुढे ते सुजाताच्या पाठीशी उभे राहतात. परंतु त्यांचा अधिक अवघड निर्णय पुढे आहे. सुजाता आणि विलास एकत्र येताच प्रधान त्या दोघांना घर सोडून जायला सांगतात. ज्या आशेवर पत्नी जगते आहे, तीच ते उंबऱ्याबाहेर काढतात. पार्वतीबाईंच्या दृष्टीने हा अजयचा दुसरा मृत्यू होय. तिचा आधार काढून घेण्याचा अधिकार पतीला कोणी दिला, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो निराधार नाही. मात्र हे घर न सोडता जन्मलेल्या मुलाला आयुष्यभर एका मृताची जागा भरत राहावी लागली असती, हेही नजरेआड करता येत नाही.

पटकथेची उणीव दिसते ती याच ठिकाणी. आपल्यावर लादल्या गेलेल्या या भूमिकेविषयी सुजाताला काय वाटते, हे चित्रपट पुरेसे विचारत नाही. तिला संकट आहे, अश्रू आहेत; स्वतःचे मत जवळजवळ नाही. पार्वतीबाईंनी जे केले, तेच काही अंशी पटकथाही करते : वृद्धांच्या शोकाला वाट मिळावी, यासाठी ती सुजाताला वापरते. ती निघून गेल्यावर चित्रपट तिच्या मागे जात नाही. तो त्या दांपत्यापाशी थांबतो. मरणाची ओढ आता पार्वतीबाईंना आहे आणि पूर्वी स्वतः आत्महत्येस प्रवृत्त झालेले प्रधान त्यांना जगण्यासाठी विनवीत आहेत.