सुई कितीची घ्यायची?

‘खाँसाहेबांचा आवाज किनरा, जरा नाकातला.’ अब्दुल करीम खाँ यांच्याबद्दल हे वाक्य मी काही वर्षांपूर्वी बिनधास्त लिहून टाकलं होतं. संगमनेरच्या घरी माळ्यावर आजोबांच्या लाखेच्या तबकड्या सापडल्या. त्यातली झिंझोटीची ठुमरी माझ्या टर्नटेबलवर लावली आणि निकाल दिला. खाँसाहेब 1937 साली गेले; ही तबकडी मायक्रोफोनच्या काळातली, त्यामुळे दोष जुन्या भोंग्यावर ढकलायचीही सोय नव्हती. आज ते वाक्य मागे घेतो. मी तेव्हा चुकीच्या सुईनं ऐकत होतो.

टर्नटेबलच्या दांड्याच्या टोकाला असतं ते कार्ट्रिज. सुईची थरथर ते विजेत बदलतं. त्यावर किती खर्च करावा, यावरून हौशी मंडळी तासन्‌तास भांडतात. मीही टर्नटेबलपेक्षा महाग कार्ट्रिज घ्यायला निघालो होतो. पण 1948 साली आलेल्या एलपीची खाच बारीक. तिच्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या 18 मायक्रॉनच्या आसपास. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद. तिला साधारण 75 मायक्रॉनचं टोक लागतं. गाणं असतं खाचेच्या भिंतींवर. बारीक सुई भिंतींना नीट टेकतच नाही, तळाच्या धुळीत घसटत जाते. मग ती लाखाची असली तरी लाखेपुढे तिचं काही चालत नाही.

शेवटी मी ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेतलं साधं कार्ट्रिज घेतलं. त्यात सुई तेवढी बदलता येते: एलपीच्या सुईवर 2 ग्रॅम भार, 78च्या जाड सुईवर 5. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केलं की खरखर आणखी उतरते, आणि ते फुकट. टर्नटेबलला 78चा वेग मात्र हवाच.

तीच ठुमरी पुन्हा लावली. आवाज बारीक तो बारीकच. पण सुराला आता गोलाई होती, आणि तीन मिनिटांच्या तबकडीत कुठेही घाई नव्हती. बारीक आवाज खाँसाहेबांचा. किनरेपणा माझ्या सुईचा.

तेव्हा खर्च किती? खाचेत नीट बसेल तेवढ्या सुईचा. आणि फोनवर जुनं गाणं ऐकून ‘किती चिरका आवाज!’ म्हणण्याआधी जरा थांबा. ते कुठल्या सुईनं उतरवलंय, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?