वित्तीय संस्थांच्या कार्यक्षमतेचे मोजमाप : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बँका, विमा कंपन्या व पतसंस्था यांच्या कार्यक्षमतेचे मोजमाप हा वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांतील संशोधनाचा आवडता विषय आहे. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर नफाक्षमता, भांडवल पर्याप्तता आणि अनुत्पादक कर्जे या संकल्पना अध्यापनात रूढ झाल्या. विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाल्यावर आयुर्विमा व सर्वसाधारण विमा कंपन्यांची तुलना सुरू झाली. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर अशा अभ्यासाला विषयांची वाण पडत नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि १९५० च्या अखेरीस गळीत सुरू केलेला सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या, नागरी बँका आणि पतसंस्था असे हे विस्तृत जाळे आहे.

परंतु या अभ्यासांचा साचा बहुधा ठरलेला असतो. संस्थेचे पाच वर्षांचे ताळेबंद घ्यावयाचे, ठेवी, कर्जे, खेळते भांडवल व नफा यांची टक्केवारी काढावयाची, आणि ‘संस्थेची प्रगती समाधानकारक आहे’ असा निष्कर्ष नोंदवावयाचा. अलीकडे या साच्याला संगणकीय तंत्रांची जोड मिळाली. निष्कर्षाचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही. मोजमापाची ही पद्धती नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेची मांडणी

कार्यक्षमतेच्या आधुनिक मोजमापाचा पाया एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये घातला. उपलब्ध आदानांतून अधिकाधिक प्रदान मिळविणे ही तांत्रिक कार्यक्षमता, आणि आदानांच्या किमती पाहून त्यांचे योग्य प्रमाण निवडणे ही किंमतविषयक कार्यक्षमता, असा भेद त्यांनी केला. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी या कल्पनेला गणिती रूप दिले. ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ म्हणजेच ‘डीईए’ या नावाने ते तंत्र सर्वत्र प्रचलित झाले. तत्पूर्वी १९७७ मध्ये एग्नर, लव्हेल व श्मिट यांनी ‘स्टोकॅस्टिक फ्रंटियर’ ही सांख्यिकीय पद्धती मांडली होती. या पद्धतीत यदृच्छेने घडणारे चढउतार आणि खरी अकार्यक्षमता यांना वेगळे करण्याचा प्रयत्न असतो.

डीईए पद्धतीत समूहातील उत्तम संस्थांची एक सीमारेषा आखली जाते. त्या रेषेवरील संस्थेस एक हा गुणांक मिळतो आणि इतरांस त्याहून कमी. येथे पहिली मर्यादा स्पष्ट होते. हा गुणांक सापेक्ष आहे. समूहातील सर्वच संस्था दुबळ्या असल्या तरी त्यांपैकी कोणा एकीला एक हा गुणांक मिळतोच. ‘गुणांक एक, म्हणून संस्था सक्षम’ हे विधान तर्कदृष्ट्या टिकणारे नाही.

दुसरी मर्यादा नमुन्याच्या आकाराची आहे. आदाने व प्रदाने यांची जी एकूण संख्या, तिच्या किमान तिप्पट संस्था अभ्यासात असाव्यात, असा साधारण संकेत आहे. तीन आदाने व दोन प्रदाने घेतल्यास पंधरा संस्था हव्यात. एका जिल्ह्यातील सात-आठ बँका घेऊन पाच चलांचे विश्लेषण केल्यास बहुतेक बँका सीमारेषेवर जाऊन बसतात, आणि संशोधकास ‘जिल्ह्यातील बँका कार्यक्षम आहेत’ असे आढळते. हा शोध जिल्ह्याविषयीचा नसून नमुन्याच्या तोकडेपणाचा असतो.

ठेवी : आदान की प्रदान?

बँकेच्या बाबतीत सर्वांत जुना वाद ठेवींच्या स्थानाविषयी आहे. बँक ही खातेदारांना सेवा देणारी संस्था मानली तर ठेवी हे तिचे प्रदान ठरते. सीली व लिंडले यांनी १९७७ मध्ये मांडल्याप्रमाणे ती बचतदार व कर्जदार यांच्यातील मध्यस्थ मानली तर ठेवी हा तिचा कच्चा माल ठरतो. हा वाद केवळ शास्त्रीय नाही. ठेवींना प्रदान मानल्यास ठेववाढ म्हणजे प्रगती असे आपोआप सिद्ध होते. ज्या पतसंस्थेने बाजारातील प्रचलित दरापेक्षा दोन-तीन टक्के अधिक व्याज देऊन ठेवी ओढल्या, ती या हिशेबात अग्रेसर ठरते. वस्तुतः असा चढा दर हे अनेकदा रोखीच्या टंचाईचे लक्षण असते. बँकांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. त्यामुळे येथे मोजमापाची चूक थेट ठेवीदाराच्या पदरात पडते.

एक काल्पनिक उदाहरण

पद्धतीतील निवड निष्कर्षाला कशी वळण देते हे पाहण्यासाठी ‘अ’ व ‘ब’ अशा दोन काल्पनिक बँका घेऊ. दोहोंची कर्जे प्रत्येकी ६५ कोटी रुपये आहेत. ‘अ’ बँकेचा वार्षिक व्यवस्थापन खर्च २ कोटी आहे, कारण तिने मोजक्या मोठ्या कर्जदारांना कर्जे दिली आहेत. ‘ब’ बँकेचा खर्च ३ कोटी आहे, कारण तिचे हजारो लहान कर्जदार आहेत, खेड्यांत शाखा आहेत आणि तारण-तपासणीसाठी स्वतंत्र कर्मचारी आहेत. खर्च हे आदान व कर्ज हे प्रदान धरल्यास ‘अ’चा गुणांक १ येतो आणि ‘ब’चा ०.६७.

आता ‘अ’ची १३ कोटींची व ‘ब’ची २ कोटींची कर्जे अनुत्पादक झाली असे समजू. केवळ चांगली कर्जे प्रदान म्हणून धरली तर ‘अ’चे प्रमाण २६ व ‘ब’चे २१ येते. अंतर कमी झाले, तरी ‘अ’च वरचढ राहते. मात्र बुडीत रकमेची तरतूद पाच वर्षांत विभागून खर्चात मिळविली, तर ‘अ’चा खर्च ४.६ कोटी व ‘ब’चा ३.४ कोटी होतो. मग ‘अ’चे प्रमाण ११.३ आणि ‘ब’चे १८.५ येते. आता ‘ब’चा गुणांक १ आणि ‘अ’चा ०.६१. संस्था त्याच, आकडे तेच. निकाल मात्र उलटा. कर्ज देण्यापूर्वीची छाननी व दिल्यानंतरची देखरेख यांवरील खर्च हा अकार्यक्षमतेचा पुरावा मानावा की सावधपणाचा, या प्रश्नाचे उत्तर संगणक देत नाही. ते अभ्यासकाने आधी द्यावयाचे असते.

ताळेबंदावरील विश्वास

वरील उदाहरणात अनुत्पादक कर्जांचे आकडे खरे आहेत असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात हेच गृहीत सर्वांत नाजूक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. त्यापूर्वीच्या वार्षिक अहवालात या बँकेने आपली ढोबळ अनुत्पादक कर्जे चार टक्क्यांहून कमी दाखविली होती. पुढे उघड झाले ते असे की, एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपविण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविण्यात आली होती. प्रसिद्ध अहवालांच्या आधारे केलेल्या कोणत्याही गुणोत्तर-विश्लेषणात ही बँक सुदृढच ठरली असती.

जिल्ह्यातील उदाहरण अधिक जवळचे आहे. १९१० मध्ये स्थापन झालेली नगर अर्बन सहकारी बँक ही शतकाहून अधिक परंपरा असलेली बहुराज्यीय बँक होती. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर प्रशासक नेमला. डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घालून खातेदारास काढता येणारी रक्कम १० हजार रुपयांपर्यंत सीमित केली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता नसल्याच्या कारणावरून बँकेचा परवाना रद्द करण्यात आला. कर्जवाटपातील कथित गैरव्यवहारांबाबत पोलिसांत गुन्हेही नोंदले गेले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली होती, म्हणून लहान ठेवीदारास आधार मिळाला. पाच लाखांवरील रकमेसाठी मात्र अवसायनाची वाट पाहणे भाग पडले. संस्थेचे वय, सभासदसंख्या आणि ठेवींचा आकार ही आपल्या प्रबंधांतील ‘प्रगती’ची आवडती मापे होत. या तीनही मापांनी या बँकेला संरक्षण दिले नाही.

कृषी पतपुरवठ्याच्या क्षेत्रात ही अडचण वेगळ्या रूपाने येते. सोसायटीच्या पातळीवर ‘जुने-नवे’ करण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. मार्चअखेर जुने पीककर्ज कागदोपत्री भरले जाते व लगेच नवे दिले जाते. वसुलीची टक्केवारी उंचावते. शेतकऱ्याच्या हातात ना पैसा आला, ना त्याची परतफेडीची क्षमता वाढली. २००८ ची केंद्राची आणि २०१७ व २०१९ ची राज्याची कर्जमाफी यांमुळेही थकबाकी एकाएकी घटली. ही घट व्यवस्थापनाच्या खात्यावर जमा करणे उचित नाही. याउलट नोव्हेंबर २०१६ मध्ये जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली आणि आधी स्वीकारलेल्या नोटा कित्येक महिने तिजोरीत पडून राहिल्या. त्या वर्षीचा नफा घटला तर तोही व्यवस्थापनाचा दोष ठरत नाही. शिवाय पीककर्जाचा व्याजदर शासनाच्या धोरणाने ठरत असल्याने फॅरेल यांची किंमतविषयक कार्यक्षमता येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

विमा कंपन्यांचे मोजमाप

विम्याच्या बाबतीत प्रदान कशास म्हणावे हा प्रश्न अधिकच बिकट आहे. जमा झालेला हप्ता प्रदान मानल्यास महाग विमा विकणारी कंपनी कार्यक्षम ठरते. विमाशास्त्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः कमिन्स व वाइस यांनी, जोखीम-विभाजनाच्या सेवेचे निदर्शक म्हणून दाव्यांची रक्कम स्वीकारली. पण कंपनीचे हिशेबनीस दाव्यांना खर्च समजतात. एकाच आकड्याला एक अभ्यास सेवा म्हणतो व दुसरा तोटा म्हणतो. दोहोंचे निष्कर्ष परस्परविरोधी येणे अटळ आहे.

पीकविम्यात हा विरोध ठळक दिसतो. जिल्ह्याच्या उत्तरेकडील राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या तालुक्यांत कालव्याचे पाणी व ऊस आहे. दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके पावसाच्या भरवशावर आहेत. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेत नुकसानीचा निर्णय मुख्यतः महसूल मंडळ किंवा तत्सम क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून होतो. पीक-कापणी प्रयोगांतील उत्पन्न उंबरठ्याच्या थोडे वर आले की भरपाई मिळत नाही, मग एखाद्याचे शेत करपून गेले असले तरी. कंपनीच्या पत्रकात मात्र ते वर्ष उत्तम कार्यक्षमतेचे ठरते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२० पासून राबविलेल्या पद्धतीत कंपनीच्या नफ्यावर व तोट्यावर मर्यादा घालण्यात आल्या. भरपाई ११० टक्क्यांपुढे गेल्यास भार राज्य शासनावर, आणि ८० टक्क्यांहून कमी राहिल्यास कंपनीने ठरावीक हिस्सा ठेवून उर्वरित रक्कम शासनास परत करावयाची. असा करार असलेली कंपनी व नसलेली कंपनी यांची नफ्यावरून तुलना करणे निरर्थक होय.

ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कार्यक्षमता कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे जिल्ह्यातील सुप्याबरोबरच अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांतही शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांच्या आधारे वसुली करणारा तत्कालीन सावकार आजच्या निकषांनी अत्यंत कार्यक्षम ठरला असता. कर्मचारी नगण्य, तारण भक्कम, व्याज भरपूर. ती व्यवस्था कोसळली ती वसुली कमी पडल्यामुळे नव्हे. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आणि पुढील काळातील सहकारी पतपुरवठा यांमागे हाच अनुभव होता. म्हणून ज्या संस्था सावकारीला पर्याय म्हणून जन्मास आल्या, त्यांना केवळ नफा व वसुलीच्या मापाने तोलणे हे त्यांच्या हेतूशी विसंगत आहे.

याचा अर्थ सामाजिक हेतूच्या नावाखाली गैरकारभार झाकावा असा नव्हे. सहकाराचे समर्थक ही ढाल वारंवार पुढे करतात. लहान कर्जदारापर्यंत पोहोचण्याचा खर्च आणि संचालकांच्या मर्जीतील मोठ्या कर्जदाराने बुडविलेली रक्कम, या दोन वेगळ्या बाबी आहेत. चांगल्या मोजमापाने त्या वेगळ्या करून दाखवाव्यात, हीच अपेक्षा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. आदाने व प्रदाने यांच्या निवडीचे कारण संशोधकाने स्पष्ट लिहावे आणि पर्यायी निवडीने क्रमवारी बदलते का, हे दाखवावे. अनुत्पादक कर्जे व तरतुदी हिशेबात घेतल्याशिवाय कोणत्याही बँकेस कार्यक्षम म्हणू नये. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडील कर्जांचे प्रमाण, लेखापरीक्षकांचे शेरे आणि रिझर्व्ह बँकेने केलेली दंडात्मक कारवाई यांची नोंद गुणोत्तरांच्या शेजारी असावी. कर्जमाफी व नोटाबंदी यांसारख्या वर्षांचा स्वतंत्र विचार व्हावा. विम्याच्या अभ्यासात कंपनीच्या गुणांकाबरोबर विमाधारकास मिळालेल्या संरक्षणाचे मापही द्यावे.

ही जबाबदारी प्रथम मार्गदर्शक व परीक्षक प्राध्यापकांची आहे. ताळेबंद मिळविण्यासाठी विद्यार्थी संस्थेच्या सौजन्यावर अवलंबून असतो, आणि अनेकदा त्या सौजन्याचीच परतफेड निष्कर्षांत होते. सभासद व ठेवीदार यांच्या दृष्टीने अशा प्रबंधाचे मूल्य संस्थेच्या जाहिरातीहून अधिक नसते. प्राध्यापकवर्ग स्वतःही पगारदार पतसंस्थांचा सभासद व नागरी बँकांचा ठेवीदार आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल हाती आल्यावर जे प्रश्न विचारावयास हवेत, तेच प्रश्न आपल्या संशोधनात विचारले जात नसतील, तर तंत्र कितीही अद्ययावत असले तरी त्यातून निघणारा गुणांक हा केवळ एक आकडा होय.