दुष्फेन पाण्याचा पाठ आणि कर्जतची विहीर

पाण्यात बायकार्बोनेटे असली तर दुष्फेनता तात्पुरती, सल्फेटे व क्लोराइडे असली तर कायमची. पहिली उकळल्याने जाते, दुसरीसाठी धुण्याचा सोडा लागतो. शालेय रसायनशास्त्रातील हा पाठ बहुतेकांना तोंडपाठ असतो. त्यात चूक काही नाही. तरीही कर्जत-खालापूर भागातील विद्यार्थ्याने तो शिकून घरच्या विहिरीकडे पाहिले, तर त्याला फारसे काही उलगडत नाही. आमचा आक्षेप पाठातील रसायनाला नाही. त्यातून गळलेला भूगोल आणि गळलेले मोजमाप यांना आहे.

आधी भूगोल. पाठात पाणी चुनखडीतून झिरपते. हे चित्र मुख्यतः युरोपातले आहे. चुना मिसळून पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंट अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर खडूच्या खडकांतून येणारे पाणी होते. कर्जतच्या आसपास चुनखडीचे डोंगर नाहीत; आहे तो सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. मग विहिरीचे पाणी दुष्फेन का? पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्ल बनते आणि बेसाल्टमधील खनिजे हळूहळू झिजवते. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोहोंची बायकार्बोनेटे पाण्यात उतरतात.

हा फरक पुस्तकी नाही. बायकार्बोनेटे असल्यामुळे पाणी उकळल्याने दुष्फेनता कमी होते. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर ही त्याची खूण. पण मॅग्नेशियम कार्बोनेट हे कॅल्शियम कार्बोनेटापेक्षा पाण्यात बरेच अधिक विरघळते. म्हणून पाणी उकळले किंवा त्यात सोडा घातला, तरी मॅग्नेशियमचा बराच भाग मागे राहतो. फळ्यावर फक्त कॅल्शियमचे समीकरण लिहिले, तर ‘सोडा घालूनही फेस का कमी?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

आता मोजमाप. ‘दुष्फेन’ हे लेबल आहे, मोजमाप नव्हे. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. हे आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. आकडा हाती आला की खर्चही काढता येतो. समजा, दुष्फेनता ३०० आहे. पंधरा लिटरच्या बादलीत फेस येण्याआधीच सुमारे २७ ग्रॅम शुद्ध साबण चोथा होऊन वाया जातो. हिशेबाने त्याच कामाला धुण्याच्या सोड्याचे सुमारे १३ ग्रॅम खडे पुरावेत. मॅग्नेशियममुळे प्रत्यक्षात परिणाम थोडा कमी मिळेल. शंभर दुष्फेनतेच्या पाण्यात मात्र हा खटाटोप करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोजमाप नसले की त्या जागी समजुती येतात. तुरटी फिरवली की पाणी ‘हलके’ होते, ही त्यांतली एक. तुरटीने गाळ बसतो, पण ती पाण्यातील बायकार्बोनेटांशी अभिक्रिया करते आणि कॅल्शियम सल्फेट मागे ठेवते. एकूण दुष्फेनता तेवढीच राहते. उलट तात्पुरतीची कायमची होते! दुसरी समजूत यंत्राबद्दलची. आयन-विनिमय यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडते. दर १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम. धुण्याला हे उत्तम. मात्र ज्यांना मीठ कमी करायला सांगितले आहे, त्यांनी असे पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी समजूत सर्वांत घातक: सुफेन म्हणजे शुद्ध. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात विहिरीत नवे पाणी भरते, तेव्हा साबणाला फेस चांगला येतो. पण वाहून आलेली घाणही त्याच पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी नितळ, पण अधिक दुष्फेन. वाडीवरच्या मुलाला जुलाब होतात ते जंतूंमुळे, कॅल्शियममुळे नव्हे. घरात इंधन थोडे असेल, तर ते आधी पिण्याचे पाणी उकळण्यासाठी वापरावे. त्यात दुष्फेनता कमी झाली तर ती वरकड.

पाठ सुधारायला नवे पुस्तक लागत नाही. सारख्या चार बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत १०० मिलिलिटर पाणी: साठवलेले पावसाचे, पेज नदीचे, विहिरीचे आणि विहिरीचेच उकळून, निववून, गाळलेले. पेज नदीत भिवपुरीच्या वीजकेंद्रातून, म्हणजे १९२२ पासून, धरणात साठलेले पावसाचे पाणी येते. ते कुठे बसते, हे पाहण्यासारखे आहे. साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून हलवावे आणि टिकाऊ फेसाला किती थेंब लागले ते लिहावे. डिटर्जंट घेऊ नये. त्याला दुष्फेन पाण्यातही फेस येतो. पुढे सोडा आणि तुरटी घालून, गाळून, तीच मोजणी करावी. हाच प्रयोग जुलैत आणि एप्रिलमध्ये केला, तर वर्गाजवळ आपल्या गावच्या पाण्याचा तक्ता तयार होईल. परीक्षेत ‘दुष्फेन पाणी म्हणजे काय?’ याऐवजी ‘तुमच्या विहिरीचे पाणी किती दुष्फेन?’ असे विचारता येईल.